अवसेची सुकती

गिऱ्हा धरायला जाळं लागत नाही.
अडकित्ता लागतो, लोखंडी,
आणि मांडीवर बोटभर जागा.
केस कापायचा, मांडी चिरायची, केस आत ठेवून शिवायची.
मग तो जन्मभर तुझी होडी ओढतो,
जाळ्यात सरंगे ढकलतो,
आणि रात्री उंबऱ्याबाहेर बसून केस परत मागतो.
द्यायचा नाही.
एवढंच शास्त्र.

हे मला द्वारकीकाकूने शिकवलं,
मसुऱ्याच्या बाजारात सुकट विकता विकता,
गिऱ्हाईक आलं की गिऱ्हा बाजूला ठेवून.
तिच्या मांडीवर पाच वण आहेत.
एका देवचाराशी तिची बोलाचाली,
एका मुंजाशी फणसावरून वाद, तो अजून मिटलेला नाही.
"नाव सांगू नको," ती म्हणाली.
"इचारल्यान तर म्हण, माझा नाव सुपारी."

प्रिलिमच्या दिवशी, पहाटेच्या सुकतीला,
मी कालावलच्या खाडीत उतरले.
ओढणीत अडकित्ता, पिशवीत दोन तारल्या,
कंपासपेटीत सुई, दोरा ओवून.
पाणी घोट्याला, मग एकदम कमरेला.
काठाला तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली,
काहीतरी मोजत बसल्यासारखी.
पलीकडे रेतीच्या होड्यांचे दिवे, पंपाची घरघर.

तो मागून येईल, काकू म्हणाली होती,
ओळखीच्या आवाजात येईल.
तो समोरून आला,
खोकत.
उंचीने सहावीतल्या मुलाएवढा.
अंगाला शेवाळ नव्हतं, डिझेल होतं.
कानामागे केसांची एकच बट उरलेली.
मी तारली फेकली. त्याने हुंगली,
परत दिली.

"उथळ पाणी खय गेला?"
मी काहीच बोलले नाही.
"माका उथळात रवचा लागता, चेडवा.
सगळा खणल्यानी. आता पाय टेकणत नाय."

ज्याच्या भीतीने आमच्या वाडीतली पोरं
रात्री मुतायला एकटी जात नाहीत,
तो मला पाण्याचा पत्ता विचारत होता.
मग मान वाकवून त्याने बट पुढे केली.
"काप. तुझ्या मांडीत तरी उथळ आसात."

मला राग आला. खूप आला.
सहा महिने मी पाण्याखाली पन्नास मोजायला शिकत होते,
काळोखात सुई ओवायला, न किंचाळायला.
आणि हा असा उभा,
न्हाव्यापुढे बसवलेल्या पोरासारखा!
अडकित्ता उघडला. मिटला. उघडला.

मग मी माझी वेणी पुढे घेतली.
सगळी नाही, रिबिनीखालचं शेपूट.
कच्च.
त्याला मांडी आहे का, काळोखात दिसेना.
त्याने ते दातांत धरलं, मांजर पिल्लू धरते तसं,
आणि तशाच भरल्या तोंडाने नाव विचारलं.

सुपारी म्हणायला हवं होतं.
प्रचिती, म्हणाले मी. प्रचिती भालचंद्र तारी.
आणि घरात चितू म्हणतात, हेसुद्धा.

बीजगणितात अकरा पडले, चाळीसपैकी.
काकू आता मला शिकवत नाही.
एकदाच म्हणाली, सुकट तोलताना, तराजूकडे बघत,
"तू शिकारी आसस की सावज, ता तरी ठरव."

अवसेच्या पहाटे, पाणी उतरलं की हाक येते.
एकच येते. दुसरी लागत नाही.
आईच्या अंगावरून ओलांडून मी उठते,
मांडी चाचपते, वण नाही,
तरी पाय चालू लागतात.

धक्क्यावर रेतीचे ढीग असतात.
घमेलं करंजाखाली कुठे लपवलंय ते मलाच ठाऊक.
भरते, उतरते, ओतते,
एका सुकतीत तीसेक होतात, हात भरून येतात.
तो काळोखात उभा राहून
पायाने तळ शोधतो.
"लागला?" मी विचारते.

"वायच आणखी, चितू," तो म्हणतो.
"वायच."